शरीर त्याला का मारत नाही?

पुणे,
रविवार

प्रिय मेघना,

एआरटी सेंटरवरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, त्या काकूंचा प्रश्न तुझ्या पत्रात वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. सर्दी-ताप शरीर आपलं आपण बरं करतं, मग या एचआयव्हीच्या विषाणूला का नाही मारत, असं विचारणाऱ्या बाईला ‘प्रतिकारशक्ती कमी पडते’ एवढंच सांगून परत पाठवणं मला पटत नाही. ती पुढे कमी पडते हे खरंच. पण त्याआधी आपल्या पेशींकडे हत्यारं असतात, आणि एचआयव्ही ती पेशींच्याच हातून मोडून घेतो.

त्याच्याकडे जनुकं अवघी ९. आपल्याकडे प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या घरात. त्यामुळे तो पावलोपावली आपलीच प्रथिनं वापरतो. पेशीत शिरायला पेशीच्या पृष्ठभागावरची सीडी४ आणि सीसीआर५ ही प्रथिनं, आपल्या डीएनएत जागा धरायला एलईडीजीएफ हे प्रथिन. तयार झालेला विषाणूचा कण पेशीपासून तुटून बाहेर पडतो तो एस्क्रट यंत्रणेच्या जोरावर, जी एरवी पेशीच्या दोन पेशी होताना शेवटचा धागा तोडते.

मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते एपोबेक३जीचं प्रकरण. हे प्रथिन आपल्या टी-पेशींत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत, असतंच. शास्त्रज्ञ मायकेल मॅलिम यांच्या गटाने २००२ मध्ये ते ओळखलं. ते नव्या कणात शिरून बसतं, आणि पुढच्या पेशीत विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवू लागला की त्यातल्या ‘सी’ या अक्षराचे ‘यू’ करत सुटतं. सगळा मजकूर नासतो, विषाणू निकामी होतो. म्हणजे बघ, एचआयव्हीला संपवू शकणारं प्रथिन काकूंच्या शरीरात आहे!

पण विषाणूचं व्हिफ नावाचं इवलंसं प्रथिन एपोबेकला पकडून पेशीच्या कलिन-५ यंत्रणेपुढे नेऊन उभं करतं. नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनचा शिक्का मारणं हे त्या यंत्रणेचं रोजचं काम. शिक्का बसला की प्रोटिअसोम त्यांचे तुकडे करतो. व्हिफ स्वतः काहीच कापत नाही. उलट, स्वतःला नीट टिकता यावं म्हणून सीबीएफ-बीटा हे पेशीचं आणखी एक प्रथिन कामाला जुंपतं.

विषाणूचं नेफ हे दुसरं प्रथिन तर फारच हिशेबी. पेशीच्या आत काय चाललंय ते बाहेर दाखवणारे, बाधित पेशीवरचे एचएलए-ए आणि बी हे रेणू ते आत ओढून नष्ट करायला पाठवतं, म्हणजे मारक टी-पेशींना पत्ता लागत नाही. पण सगळेच काढले तर असे रेणू नसलेल्या पेशींना मारणाऱ्या एनके पेशी तुटून पडतील, म्हणून एचएलए-सीला ते हात लावत नाही.

एचआयव्हीवरच्या टीएलडी या गोळीतली तिन्ही औषधं विषाणूच्या स्वतःच्या विकरांवर (एन्झाइमांवर) चालतात, पेशीच्या प्रथिनांवर नाही. कलिन-५ बंद पाडलं तर आपल्याच पेशींची अडचण. सीसीआर५शिवाय माणसाचं फारसं अडत नाही, म्हणून २००७ मध्ये ते अडवणारं मॅराव्हिरॉक हे औषध येऊ शकलं. व्हिफच्या तावडीतून एपोबेकला सोडवणारं औषध मात्र अजून बाजारात नाही. ते यावं असं मला फार वाटतं.

काकूंना सांग, तुमच्या शरीरात काही उणं नाही. गोळी रोज घेतली की विषाणूची वाढ थांबते, सीडी४ असलेल्या टी-पेशी पुन्हा वाढतात. सोडली तर डीएनएत दडलेला विषाणू बहुतेकांत काही आठवड्यांतच परत येतो. त्या काय म्हणाल्या ते कळव. आणि त्यांच्या मुलीची टेस्ट झाली का?

तुझी,
वैशाली