अनामत रक्कम दुसऱ्या अपिलात अडकवू नका

संपादक महोदय,

कल्याणजवळ घेतलेल्या सदनिकेचा ताबा आम्हाला करारनाम्याप्रमाणे डिसेंबर 2018 मध्ये मिळायला हवा होता. इमारत उभी आहे, पण लिफ्टच्या खड्ड्यापुढे प्रत्येक मजल्यावर फळ्या ठोकलेल्या आहेत आणि भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 18 खाली विलंबाचे व्याज मंजूर केले. बिल्डर अपिलीय न्यायाधिकरणात गेला, तिथेही हरला. आता तो उच्च न्यायालयात गेला आहे आणि आमचे पैसे न्यायाधिकरणाकडे पडून आहेत.

ते तिथे कसे आले, हे बऱ्याच ग्राहकांना ठाऊक नसते. रेरा कायद्याच्या कलम 43(5) प्रमाणे बिल्डरला अपील करायचे असेल, तर ग्राहकाला द्यायची सगळी रक्कम व्याजासकट आधी भरावी लागते. ग्राहकाच्या अपिलाला ही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात ही तरतूद वैध ठरवली. ग्राहकाच्या हाती निकालाचा नुसता कागद राहू नये, एवढ्यासाठीच ही अनामत आहे.

याच कायद्याच्या कलम 58 खालचे उच्च न्यायालयातले दुसरे अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर करता येते. आमच्या बिल्डरच्या अपिलात काय आहे? वाळू मिळत नव्हती, नोटाबंदीत मजूर गावी गेले, पालिकेने नकाशा अडवला. महारेराने हे ऐकले, न्यायाधिकरणानेही ऐकले आणि दोघांनीही फेटाळले. तरी पैशांचे विचारले की ‘मॅटर हायकोर्टात आहे’ हेच उत्तर! अपील दाखल झाले म्हणजे आपोआप स्थगिती मिळाली, असे कायद्यात कुठेही नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाच्या पगारातून घरकर्जाचा हप्ता जातो, माझ्या पेन्शनमधून भाडे. अकरा महिने भरले की नवा भाडेकरार, पुन्हा डिपॉझिटची ओढाताण. न राहिलेल्या घराचा हप्ता भरत म्हातारपण काढायचे का?

माझी मागणी सरळ आहे. न्यायाधिकरणाचा निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला आणि उच्च न्यायालयाची स्थगिती नसेल, तर ग्राहकाच्या अर्जावर, हमीपत्र घेऊन, ही रक्कम ठरावीक मुदतीत त्याच्या खात्यात जमा व्हावी. पुढे निकाल फिरलाच तर हमीपत्रावरून वसुली करता येईल. ज्येष्ठ नागरिकांचे अर्ज आधी घ्यावेत. राज्य सरकारने यासाठी नियमांत स्पष्ट तरतूद करावी.

ज्यांचा निकाल नुकताच लागला आहे, त्यांनी वकिलांशी बोलून उच्च न्यायालयात लगेच कॅव्हेट दाखल करावे. ते 90 दिवस चालते आणि तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये, एवढी सोय त्यात होते. अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे, तेव्हा निकालाची प्रत हातात पडली की त्याच आठवड्यात हे काम उरका.

– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)