अंगावर बसलेल्या कपड्याचा नमुना उतरवायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवणकामाचे वर्ग चालवणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी एक गोष्ट आपल्या वृत्तपत्रातून मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या एका शाळासोबतिणीने नुकतीच सत्तरी ओलांडली. हाडे ठिसूळ झाल्याने गेल्या काही वर्षांत तिच्या पाठीला बाक आला आहे आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला आहे. दुकानातला कोणताही तयार ड्रेस तिने घातला की मागचा घेर वर उचलला जातो आणि पुढचा गळा कंठाशी दाटतो. डोक्यातून कपडा काढताना हात वर करावे लागतात, तेव्हा तिला होणारा त्रास मी स्वतः पाहिला आहे. अंगावर नीट बसणारा असा तिच्याकडे एकच ड्रेस होता: पुढे बटणे असलेला, पोटरीपर्यंत येणारा, फिकट निळा, सुती. आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर शिंप्याने चार वर्षांपूर्वी तो शिवला होता. ते दुकान आता बंद झाले आहे आणि ड्रेसचे कापड काखेत पार विरले आहे. "मला अगदी असाच दुसरा शिवून दे," असे ती म्हणाली आणि ड्रेस माझ्या हाती दिला.

मला शिवण येते, पण मी शिकले ती पद्धत सूत्राची. छातीचे माप घ्यायचे, त्याचा चौथा भाग काढायचा, ठरलेले इंच मिळवून मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोलावा) आणि गळा आखायचा आणि कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापायच्या. माणसाची पाठ ताठ आहे आणि दोन्ही खांदे सारखे आहेत, हे या सूत्रात गृहीतच धरलेले असते. मैत्रिणीच्या बाबतीत ते लागू पडणार नव्हते. ड्रेस उसवून त्याचे तुकडे कापडावर ठेवावेत, असे एका ओळखीच्या बाईंनी सुचवले. परंतु विरलेले कापड उसवताना ताणले जाते, शिवाय नवा ड्रेस बिघडला तर तिला घालायला जुनाही उरणार नव्हता. म्हणून न उसवता नमुना उतरवायचे ठरवले.

ड्रेस धुऊन, इस्त्री करून घेतला. जमिनीवर घोंगडी, तिच्यावर खाकी कागद आणि कागदावर ड्रेसचा एकेक भाग सपाट पसरून शिवणीवरून दर अर्ध्या इंचाला बारीक टाचणी टोचत गेले. कागदावर उमटलेली छिद्रे पेन्सिलीने जोडली की त्या भागाची शिवणरेषा मिळते. उभा धागा कोणत्या दिशेने जातो, हे प्रत्येक तुकड्यावर बाण काढून नोंदवावे लागते, नाहीतर नवा कपडा धुतल्यावर पिळवटतो. टक्समध्ये, म्हणजे कपड्याला अंगाचा आकार देण्यासाठी आतून घातलेल्या निमुळत्या शिवणीत, दुमडलेले कापड वरून दिसत नाही, म्हणून ड्रेस उलटा करून टक्सची खोली आतून मोजली आणि तेवढी जागा कागदावर उघडून दिली. शिवणीसाठी सोडायच्या जादा कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात (इतका नेमका आणि मायेचा शब्द दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल, असे मला वाटत नाही). ती सगळ्यात शेवटी, सगळीकडे अर्धा इंच आणि बगलेत एक इंच, अशी वाढवली.

हे करताना त्या शिंप्याचे काम मला प्रथमच उमगले. पाठीचा तुकडा पुढच्या तुकड्यापेक्षा दीड इंच लांब निघाला आणि मागच्या गळ्याशी दोन बारीक चुन्या निघाल्या, ज्या कॉलरखाली लपल्यामुळे कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. डाव्या खांद्याची रेषा उजवीपेक्षा अर्धा इंच खाली होती. मला ती शिलाईतली चूक वाटली. मी ती 'सुधारली', दोन्ही खांदे सारखे आखले आणि मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवून मैत्रिणीला घालून पाहिला. मानेपासून डाव्या काखेपर्यंत एक जाड तिरपी सुरकुती पडली. आरशात पाहून ती काहीच बोलली नाही, फक्त हाताने ती सुरकुती पुसत राहिली. घरी येऊन मी डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी उतरवली आणि दुसऱ्या खेपेला सुरकुती राहिली नाही.

मग ४४ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) तीन मीटर सुती कापड आणले. जुने कापड अनेकदा धुतलेले असते आणि नवे अजून आटायचे असते, त्यामुळे ते रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून मगच बेतले. जुन्यासारख्याच पोताचे आणि जाडीचे कापड घेणे आवश्यक आहे. ताणल्या जाणाऱ्या होजिअरीवरून साध्या सुती कापडाचा नमुना घेतला, तर कपडा घट्ट होणारच. जुन्या ड्रेसचा कोपराशी आणि बैठकीत वापराने आलेला फुगवटा मात्र मी नमुन्यात घेतला नाही.

आपल्याकडे शिंप्याला मापाचा ब्लाऊज देण्याची रीत जुनीच आहे. परंतु पुष्कळदा त्यावरून छाती, कंबर, उंची आणि बाही एवढीच मापे घेतली जातात आणि पुढचे काम पुन्हा सूत्राने होते. नेमक्या याच ठिकाणी बाक असलेली पाठ, उतरलेला खांदा, शस्त्रक्रियेनंतर बदललेली छाती ही सगळी माहिती हरवते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइज' ही भारतीय शरीरमापांची पाहणी हाती घेतली, तेव्हा मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातील २५,००० लोकांची मापे घेण्याचे ठरवले. तयार कपड्यांचे माप सुधारण्यासाठी हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण माझी मैत्रीण त्या वयोगटाच्या बाहेर आहे आणि तिच्यासारख्या वाकलेल्या पाठीसाठी कोणतेही सरासरी माप पुरे पडणार नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. या प्रशिक्षणात, तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या एक वर्षाच्या शिवण अभ्यासक्रमात आणि महिला मंडळांच्या वर्गांत, अंगावर बसलेला कपडा न उसवता त्याचा नमुना उतरवण्यासाठी निदान एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सरावासाठी प्रत्येकीने घरातील आजीचा किंवा आजोबांचा एखादा जुना कपडा आणावा. ज्यांनी आयुष्यभर वेगवेगळ्या अंगांचे कपडे शिवले आणि आता दुकाने बंद केली, अशा कारागिरांना त्या दिवशी मानधन देऊन शिकवायला बोलवावे. आमच्या गल्लीतले ते शिंपी आजही गावातच राहतात.

आपली,
एक वाचक, वाई (जि. सातारा)