परत मागवलेली गाडी मला विकली कशी गेली? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

विषय : जुन्या गाड्यांमधील दुरुस्त न झालेल्या सुरक्षा-दोषांची माहिती सध्याच्या मालकाला मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी चिपळूण तालुक्यातील एका गावात राहणारा सेवानिवृत्त कर्मचारी आहे. गेल्या महिन्यात कराडहून लग्न आटोपून परत येताना कुंभार्ली घाट उतरत असता, पायथ्याची पोफळी अजून खाली राहिली होती तेव्हा, माझ्या सात आसनी डिझेल एसयूव्हीच्या डाव्या पुढच्या चाकातून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी माझी राहिली नाही. वेग फार तर पंचवीस असेल. गाडी डोंगराकडच्या गटारात जाऊन अडकली, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीच्या उजव्या हाताची मनगटावरची दोन्ही हाडे मोडली आणि मागे बसलेल्या माझ्या ८१ वर्षांच्या आईच्या कपाळाला सात टाके पडले.

मला सुरुवातीला वाटले की दोष माझाच, जुनी गाडी घेतली, घाटात आणली. परंतु गाडी ओढून आणल्यावर आमच्या गॅरेजवाल्याने लोअर आर्म सोडवून बॉलजॉइंट, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा फिरता सांधा, माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा मला वेगळीच गोष्ट कळली. रबराचे बूट एका बाजूने फाटलेले होते, आत ग्रीसऐवजी विटकरी रंगाची ओली भुकटी होती आणि गोळा खोबणीत घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. गॅरेजवाला म्हणाला, "काका, या मॉडेलचं हे दुखणं जुनंच आहे, मी आजवर आठ-दहा तरी बदलले असतील. कंपनीनं मागे गाड्या बोलावल्याही होत्या." मी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलीने तो नंबर संगणकात टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या गाडीसमोर, पुढच्या दोन्ही बॉलजॉइंटची मोफत बदली, असे लिहिलेले होते आणि त्यापुढे 'प्रलंबित' असा शेरा होता. तो शेरा अनेक वर्षे तिथे तसाच पडून होता. ज्या कोणी तो नंबर संगणकात टाकला असता त्याला तो दिसला असता, पण टाकायला सांगणारे कोणीच नव्हते.

गाडी २०१३ ची आहे. पहिले मालक पुण्याचे, दुसरे कराडचे आणि २०२२ मध्ये एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून ती घेणारा मी तिसरा. पहिल्या मालकांचा फोन शोधून मी त्यांच्याशी बोललो. गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी सांगितले की कंपनीचे पत्र आले होते, पण तोवर गाडी विकून झाली होती, म्हणून ते पत्र त्यांनी ठेवले नाही. त्यांना मी कसा दोष देणार? त्यांच्याकडे गाडी नव्हती आणि ज्याच्याकडे गाडी होती त्याला पत्र नव्हते. माझ्या नावावर गाडी करताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या झाल्या, विमा आणि पीयूसी लावले, आणि एजंटाने बॉनेट उघडून चेसिस नंबरवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतला. तो काळपट ठसा कागदावर चिकटवून सरकारदरबारी सादर झाला. महोदय, ज्या नंबरावर 'ही गाडी धोकादायक आहे, परत आणा' असा शेरा होता, तोच नंबर सरकारच्या टेबलावर येऊन गेला आणि माझे नाव त्यावर चढले. त्या एका क्षणी कोणी तो नंबर उत्पादकाच्या यादीशी ताडून पाहिला असता, तर माझ्या पत्नीचा हात आज शाबूत असता.

कंपनीला मी तीन ईमेल पाठवले. दोनांना स्वयंचलित पोच आली आणि तिसऱ्याला उत्तर आले की गाडीचे वय पाहता सद्भावना म्हणून सुट्या भागांच्या किमतीत सवलत देण्याचा विचार होऊ शकेल. गाडी परत मागवताना दोष त्यांचा होता आणि माझी मागणी आली तेव्हा तीच गोष्ट त्यांची सद्भावना झाली. हा शब्द वाचून मला जो संताप आला तो मी येथे लिहू शकत नाही.

आता आपल्या कायद्याकडे येतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले आणि सदोष गाड्या परत मागवण्याचा, म्हणजे रिकॉलचा, आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्या वेळी मी वर्तमानपत्रात ते वाचले होते आणि मला मनापासून आनंद झाला होता, कारण तोवर सगळे काम २०१२ पासून चालत आलेल्या उत्पादकांच्या ऐच्छिक संहितेवर सोपवलेले होते. पण नियम नीट वाचला की आनंद टिकत नाही. तो सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू आहे. शिवाय ज्या मोटारीची वार्षिक विक्री दहा हजारांहून अधिक आहे, तिच्या बाबतीत १२५० मालकांच्या तक्रारी जमल्या की सक्तीच्या रिकॉलचा विचार सुरू होतो. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. एका नव्या एसयूव्हीची किंमत आज १५-२० लाख आहे, म्हणजे सर्वांत मोठा दंडही पाच-सात गाड्यांच्या किमतीइतकाच झाला.

त्या १२५० तक्रारी करायच्या कोणी? जुन्या गाडीचा मालक पोर्टलवर तक्रार करत नाही, तो गॅरेजमध्ये जातो. बॉलजॉइंट खडखडू लागला की गॅरेजवाला दोन हजारांत लोकल पार्ट बसवतो, गाडी पुन्हा रस्त्यावर येते आणि दोषाची नोंद कोठेही राहत नाही. कोणत्या मॉडेलचा टर्बो दीड लाख किलोमीटरला जातो, कोणाच्या मागच्या ब्रेकचा पाइप चेसिसला घासून गंजतो, कोणाची स्टिअरिंगखालची फिरती वायर तुटली की हॉर्न बंद पडतो आणि त्याबरोबर एअरबॅगही मरते, हे सगळे आमच्या गॅरेजवाल्याला तोंडपाठ आहे. त्या दिवशी त्याच्याकडे उभ्या असलेल्या नऊ जुन्या गाड्यांच्या चाव्या आम्ही फिरवून पाहिल्या, तर चार गाड्यांत एअरबॅगच्या बिघाडाचा दिवा विझतच नव्हता आणि पाचव्या गाडीत तो बल्बच कोणीतरी काढून ठेवलेला होता. विकण्याआधी दिवा काढतात, असे तो म्हणाला.

आणि सात वर्षांची ही मर्यादा कोणत्या शास्त्राला धरून आहे? धातू थकतो तो वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी, रबर वाळते ते काळाने, चेसिस गंजते ती काळाने. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण आपल्या मंत्रालयाला माहीत नाही असे होणार नाही. त्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले होते, ते उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत गेले आणि एअरबॅग उघडताना आतल्या धातूच्या डब्याचेच तुकडे उडून माणसे मेली. अमेरिकेत सुमारे पावणेसात कोटी एअरबॅग परत मागवण्यात आल्या. भारतातही होंडाने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सिटी, जॅझ, सिव्हिक आणि सीआर-व्ही मिळून दोन लाखांहून अधिक गाड्या त्यासाठी बोलावल्या होत्या. जुलै २०१७ मध्ये सिडनीत ज्या माणसाचा अशा एअरबॅगच्या तुकड्याने मृत्यू झाला, त्याची सीआर-व्ही २००७ ची होती. गाडी दहा वर्षांची होती, महोदय. आपल्या नियमाच्या फूटपट्टीने ती तीन वर्षे आधीच हिशेबाबाहेर गेली असती. ऑस्ट्रेलियाने पुढच्या मार्चपासून ती दुरुस्ती सक्तीची केली. जपानने मे २०१८ पासून धोकादायक एअरबॅग न बदललेल्या गाड्यांना मुदतीच्या तपासणीत नापास करायला सुरुवात केली. जर्मनीत गंभीर दोष दुरुस्त करून न घेतलेली गाडी रस्त्यावरून उतरवली जाऊ शकते. उष्ण आणि दमट हवेचे म्हणाल, तर कोकणात आणि गोव्यात ती वर्षातले बहुतेक महिने असते. अमेरिकेने फ्लोरिडासारखी दमट राज्ये आधी धरली. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा किती गाड्या अजून फिरत आहेत, हे मोजण्याची गरज कोणालाच वाटली नाही का?

सरकारला मी सापडत नाही, असे आपण म्हणू शकणार नाही. वेगमर्यादा ओलांडल्याचे चलान माझ्या मोबाइलवर आले. पीयूसी काढताना मोबाइल नंबर घेतल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावण्याची सक्ती झाली, मुदत अनेकदा वाढवली गेली, आणि मी ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून ती लावून घेतली. म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांचे मालक प्लेटसाठी एकेक करून शोधता आले. पंधरा वर्षांनंतर नोंदणी चालू ठेवायची तर २०२२ पासून मोटारीला पाच हजार रुपये लागतात, तेव्हाही मालक बरोबर सापडतो. सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीत माझा चेसिस नंबर आहे, माझा पत्ता आहे, माझा फोन आहे. उत्पादकाकडे सदोष चेसिस नंबरांची यादी आहे. या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या की काम झाले. त्यासाठी नवा महामार्ग बांधायचा नाही, भूसंपादन करायचे नाही, निविदासुद्धा फार मोठी काढावी लागणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे की रिकॉल मालकाच्या नावाला न बांधता चेसिस नंबराला बांधावा आणि दोष दुरुस्त होईपर्यंत तो त्या नंबरावर उभा राहावा, गाडी कितीही हातांतून जावो. हस्तांतरणाच्या वेळी, पीयूसीच्या कागदावर आणि विम्याच्या नूतनीकरणात 'सुरक्षा-दुरुस्ती बाकी आहे' अशी एक ओळ छापली जावी. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने ही स्थिती लेखी दिल्याशिवाय त्याला गाडी विकता येऊ नये. आणि सात वर्षांची मर्यादा निदान ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंधनाची गळती आणि एअरबॅग यांच्यापुरती काढून टाकावी.

एवढ्याने माझे पत्र संपायला हवे होते, पण माझ्या घरात ते संपत नाही. माझी पत्नी प्राथमिक शिक्षिका आहे आणि तिच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. तिच्या हातात आता धातूची पट्टी आणि आठ स्क्रू आहेत. पहिलीच्या मुलांना 'अ' गिरवायला शिकवताना ती फळ्यावर मोठे अक्षर काढायची, त्याची गोलाई आमच्या गावातल्या दोन पिढ्यांच्या हस्ताक्षरात उतरली आहे. परवा तिने डाव्या हाताने पाटीवर एक अक्षर काढून पाहिले आणि लगेच पुसून टाकले. मी ते पाहिले, हे तिला माहीत नाही. शस्त्रक्रियेला आणि औषधांना १,३८,००० रुपये गेले, गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज ९२,००० आहे, आणि आई आता कोणत्याही गाडीत बसायला तयार नाही. तिला तपासणीला न्यायचे तर डॉक्टरांना घरी यायची गळ घालावी लागते.

हे एकट्या माझ्याच वाट्याला आले असते तर मी नशीब म्हणून गप्प बसलो असतो. पण शहरातली गाडी जुनी झाली की ती नाहीशी होत नाही, ती आमच्याकडे येते. पुण्या-मुंबईत सात-आठ वर्षे वापरलेल्या एसयूव्ही कराड, पाटण, चिपळूण, खेड अशा गावांत येतात आणि त्यांतल्या कित्येक पुढे वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागतात. सातच्या गाडीत बारा-तेरा माणसे बसतात, त्यांत शाळेची मुले असतात, बाजाराला निघालेल्या बायका असतात. नव्या गाड्यांची अपघात-चाचणी घेऊन त्यांना सुरक्षेचे तारे देणारा भारत एनकॅप आपण २०२३ मध्ये सुरू केलात, त्याचे मी स्वागतच करतो. परंतु ते तारे शोरूममध्ये आहेत आणि ही माणसे वडापमध्ये आहेत. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, हा आपल्याच मंत्रालयाचा आकडा आहे. त्यांतले किती जण गाडीच्या अशा दोषाने गेले हे आम्हाला कळणार कसे? अपघात झाला की पंचनाम्यात चालकाचा निष्काळजीपणा लिहिला जातो. माझ्याही पंचनाम्यात 'वाहनावरील ताबा सुटल्याने' असेच लिहिले आहे. ताबा का सुटला, हे विचारायला कोणी खाली वाकून चाकाकडे पाहिले नाही. ज्या व्यवस्थेला प्रत्येक वेळी चालकच सापडतो, तिला उत्पादक कधी सापडणार आणि नोंदणी करणारा कधी सापडणार?

तो मोडका बॉलजॉइंट मी टाकलेला नाही. गॅरेजवाल्याने दिला तसाच, गंजाच्या भुकटीसकट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवला आहे आणि पिशवीवर चेसिस नंबर लिहिला आहे. आपल्या मंत्रालयाने तपासणीसाठी मागितला तर मी तो त्याच दिवशी स्पीडपोस्टाने पाठवीन. माझ्या गाडीचा उजवा बॉलजॉइंट मी पदरचे पैसे घालून बदलून घेतला आहे. पण त्याच तुकडीतल्या बाकीच्या गाड्या आज कोणाकडे आहेत हे मला शोधता येत नाही, आपल्याला येते. कृपया त्यांना पावसाळ्यापूर्वी कळवावे.

आपला,
एक वाहनमालक,
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी