आप्पांच्या ईसीजीबद्दल

जळगाव

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

आप्पांच्या ईसीजीची झेरॉक्स मिळाली. झेरॉक्स काढलीस ते फार बरे केलेस. थर्मल कागदावरची रेघ आपल्या उन्हाळ्यात बघता बघता उडते.

पहिले म्हणजे, घाबरू नको भो. ती जाड, केसाळ रेघ हृदयाची नाही. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. भिंग घेऊन त्यातले दाते मोज. मी मोजले, दहा भरले. सेकंदाला ५० झाले. ही तर घरातल्या विजेची गुणगुण!

छातीवर हृदयाचा विद्युतदाब जेमतेम १ मिलिव्होल्ट भरतो, आणि शेजारच्या भिंतीत २३० व्होल्ट खेळत असतात. मशीन दोन ठिकाणच्या दाबांतला फरकच तेवढा वाढवते. दोन्हीकडे सारखी असलेली गुणगुण वजा होते. उजव्या पायाची क्लिप यात काहीच मोजत नाही. उरलेली गुणगुण उलटी करून मशीन त्याच वाटेने शरीरात परत सोडते. पण जेली सुकलेली, क्लिप ढिली किंवा अर्थिंग खराब असले की हे गणित बिघडते. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात आणि रावेर-यावलकडून मला याच तक्रारीचे फोन येतात. मी आधी खड्ड्यात मिठाचे पाणी ओतायला लावतो, मशीन नंतर उघडतो. ईसीजीचे जनक आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहिले चांगले आलेख काढले तेव्हा रुग्णाचे हातपायच मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. त्या कामाला १९२४ चे नोबेल मिळाले. मीठ अजून सुटलेले नाही!

ईसीजी पुन्हा काढून घ्या. मशीन बॅटरीवर चालवायला सांग, पुष्कळदा तेवढ्यानेच रेघ साफ येते.

आता मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. केळीला पाणी भरताना आप्पांना मधूनच भोवळ येते, असे तू लिहिलेस. ईसीजीची पट्टी दहा सेकंदांची. त्या दहा सेकंदांत ठोका चुकला नाही तर पट्टी नॉर्मलच येणार. तुझ्या स्मार्टवॉचवरही विसंबू नको. त्याचा हिरवा दिवा मनगटातल्या रक्ताची भरती-ओहोटी मोजतो, आणि हात हलला की ते गोंधळते. डॉक्टरांनी होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर राहून ठोके टिपणारे यंत्र, सांगितले आहे ना, मग लावाच. नॉर्मन होल्टर यांचे पहिले यंत्र पाठीवर बांधायचे, ३८ किलोच्या आसपास. आताचे खिशात मावते. टूडी इको वेगळी: ती आवाजाच्या लहरींनी हृदयाच्या झडपा आणि स्नायूंची हालचाल दाखवते, ठोक्यांचा दिवसभराचा हिशेब देत नाही.

होल्टर लावाल त्या दिवशी आप्पांच्या छातीला तेल लावू देऊ नकोस, केस काढून घे, आणि यंत्र काढेपर्यंत अंघोळ नाही. मळ्यात मात्र जाऊ दे, पण एकट्याला नको. खाटेवर निजवून ठेवलेस तर भोवळ सापडणार कशी? भोवळ आली की बटण दाबायचे आणि वेळ लिहायची. वही वहिनींकडे दे, आप्पा लिहिणार नाहीत.

रिपोर्ट आला की आधी डॉक्टरांना दाखव, मग मला पाठव.

तुझाच,
विलास