अल्डानिटीचे न धावलेले महिने

महोदय,

लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) या ठिकाणी होणाऱ्या ग्रँड नॅशनल या स्टीपलचेस, म्हणजे कुंपणांवरून उड्या मारत धावण्याच्या, घोड्यांच्या शर्यतीविषयी आपल्या क्रीडा पानावर अलीकडे जो मजकूर आला, त्यात १९८१ सालच्या विजेत्या अल्डानिटीचा उल्लेख 'कर्करोगावर मात करणाऱ्या जॉकीचा जिद्दी घोडा' असा एका ओळीत आटोपला आहे. जॉकी बॉब चॅम्पियन याच्या आजाराची व पुनरागमनाची हकिगत खरी आहे आणि ती पुन्हापुन्हा सांगावी अशीच आहे. पण त्या ओळीत घोडा केवळ जॉकीच्या गोष्टीतले वाहन होऊन बसतो, आणि 'जिद्दी' या विशेषणाने तर त्याच्या कारकिर्दीचा अर्थच बदलतो, म्हणून हे पत्र.

अल्डानिटीचा जन्म १९७० सालचा. त्याला वाढवणाऱ्या गृहस्थांनी आपल्या चार नातवंडांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून हे नाव तयार केले होते, त्यामुळे त्याचा अर्थ शोधू गेल्यास काही हाती लागत नाही. सन १९७५ मध्ये अॅस्कटला पहिली शर्यत जिंकल्यानंतर हा घोडा मोठा होणार असे दिसू लागले आणि तेव्हापासूनच त्याचे पाय कुरकुरू लागले. त्याचे पाय धड असलेला १९७९ चा हंगाम पाहिला, तरी त्याची योग्यता कळते: चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये तिसरा आणि स्कॉटिश ग्रँड नॅशनलमध्ये दुसरा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सँडाउनच्या मैदानावर त्याच्या पुढच्या पायाची कंडरा जायबंदी झाली. आधीच्या दुखण्यांच्या वरताण असे हे दुखणे होते, आणि अशा घोड्याला मारून वेदनामुक्त करावे काय, याचीही चर्चा झाली.

कंडरेची दुखापत म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली जवळजवळ मांस नसते. तेथे हाडे आणि त्यांना खेचून धरणाऱ्या दोरखंडासारख्या कंडरा असतात, आणि कुंपणावरून उडी मारून खाली येताना सुमारे अर्धा टन वजनाचे शरीर, वर बसलेल्या जॉकीसह, क्षणभर एकाच पुढच्या पायावर तोललेले असते. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती भरून यायला नऊ-दहा महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. आणि भरून आली तरी जखमेच्या जागी तयार होणारे तंतू मूळच्यासारखे लवचीक नसतात, म्हणून ती पुन्हा तेथेच किंवा त्याच्या आसपास तुटण्याचा धोका कायम राहतो. लंगडणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे मुळीच नव्हे. येथे घोड्याच्या जिद्दीचा उपयोग शून्य. उलट, जातिवंत घोडा बरे वाटताच धावू पाहतो आणि नेमका तेव्हाच पुन्हा मोडतो, म्हणून जिद्द आवरण्याचे काम माणसांना करावे लागते.

ते काम मालक निक एम्बिरिकोस यांच्याकडील माणसांनी आणि ससेक्स परगण्यातील फिंडन गावी पागा असलेले ट्रेनर जॉश गिफर्ड यांनी केले. आधी तबेल्यातली बंदिस्त विश्रांती, मग लगाम धरून चालवणे, मग महिनोन्‌महिने नुसती रपेट, आणि सर्वांत शेवटी दौड, असा हा क्रम असतो. त्यात बातमी होण्याजोगे काहीच नसते. त्याच काळात चॅम्पियन यांच्यावर रुग्णालयात केमोथेरपी चालू होती, आणि ते बरे झाल्यावर घोडा त्यांच्याचसाठी राखून ठेवण्याचा शब्द गिफर्ड यांनी पाळला. सुमारे चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९८१ मध्ये, अॅस्कटला अल्डानिटी परतला आणि जिंकला. परतल्यानंतर ग्रँड नॅशनलपूर्वी त्याने धावलेली ती एकमेव शर्यत. दुसरा एखादा ट्रेनर आणखी दोन शर्यतींचा मोह आवरू शकला असता का, याबद्दल मला शंका आहे.

४ एप्रिल १९८१ रोजी एन्ट्रीला ३९ घोडे सुटले. सुमारे सव्वासात किलोमीटरचे अंतर, तीस उड्या आणि पाठीवर जवळपास ६९ किलोंचा भार. आपल्या महालक्ष्मीवर इंडियन डर्बी चार वर्षांचे घोडे २,४०० मीटर सपाटीवर धावतात. अल्डानिटी त्या दिवशी अकरा वर्षांचा होता. पहिल्याच कुंपणावर त्याने गरजेपेक्षा उंच उडी घेतली आणि उतरताना नाक जमिनीला टेकते की काय अशी अवस्था झाली, दुसऱ्याला तो घासला. पण पुढे त्याला लय सापडली, पहिली फेरी संपण्यापूर्वीच तो आघाडीवर आला आणि शेवटपर्यंत राहिला. चोपन्न वर्षांचे हौशी स्वार जॉन थॉर्न यांचा स्पार्टन मिसाइल हा घोडा अखेरच्या टप्प्यात जवळ येत होता. अंतर घोड्याच्या चार लांबींचे राहिले. थॉर्न पुढच्याच वर्षी एका शर्यतीत पडून मरण पावले, हे मात्र त्या दिवसाच्या आठवणी लिहिणाऱ्यांपैकी थोडेच सांगतात.

सन १९८२ मध्ये विजेता म्हणून परतलेला अल्डानिटी पहिल्याच कुंपणावर पडला आणि त्याची कारकीर्द तेथे संपली. आपल्या मजकुरात हे नाही. पहिल्या कुंपणाकडे सारे घोडे मोकळ्या पट्ट्यातून भरधाव येतात, हा प्रश्न तेव्हाही होता. २०२४ पासून हे कुंपण सुरुवातीच्या रेषेच्या जवळ आणले गेले आणि घोड्यांची कमाल संख्या चाळीसवरून चौतीसवर आली. या खेळाला क्रूर म्हणणाऱ्या वाचकांशी मी वाद घालणार नाही, कारण घोड्याला कोणी विचारलेले नसते हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र जायबंदी घोडा जिद्दीने परत येतो, असे छापून आपण त्याला लवकर धावायला लावण्याच्या घाईला नकळत बळ देतो.

निवृत्तीनंतर अल्डानिटी कर्करोग संशोधनासाठी निधी जमवण्याच्या कामी ठिकठिकाणी फिरला आणि १९९७ मध्ये, सत्तावीस वर्षांचा होऊन, मेला. ज्याचे काय करावे अशी चर्चा १९७९ मध्ये झाली, तो घोडा त्यानंतर सतरा वर्षांहून अधिक काळ जगला. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा त्याच्याविषयी लिहाल तेव्हा फिंडनच्या पागेतल्या त्या चौदा महिन्यांना दोन ओळी द्याव्यात, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे