ओसाड जगाचे संगीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत व्हिडिओ गेमविषयी अधूनमधून लेख येतात, पण त्यांतील चर्चा ग्राफिक्स, हिंसाचार आणि मुलांचे व्यसन यांपलीकडे जात नाही. महाविनाशानंतरचे जग दाखवणाऱ्या गेमच्या बाबतीत तरी संगीताची ही उपेक्षा अन्यायकारक आहे, असे धुळ्यात संगीत शिकवणारा शिक्षक म्हणून मला ठामपणे वाटते. पडक्या इमारती आणि गंजलेल्या मोटारी अशा बहुतेक गेममध्ये सारख्याच असतात. त्या पाहून धास्ती वाटावी, हुरहुर लागावी की जगण्याची उमेद यावी, हे बव्हंशी सूर ठरवतात.

२०१३ साली आलेल्या 'द लास्ट ऑफ अस' या गेमचे संगीत गुस्तावो सांताओलाया या अर्जेंटिनाच्या संगीतकाराचे आहे. चित्रपट संगीतासाठी दोनदा ऑस्कर मिळवलेल्या या माणसाने भव्य वाद्यवृंदाऐवजी रोनरोको या अँडीज परंपरेतील, जोडीजोडीने बांधलेल्या दहा तारांच्या लहानशा वाद्यावर भिस्त ठेवली. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यातील धून पेटीवर वाजवून दाखवली. स्वर अचूक होते, तरी उदासी उतरली नाही, कारण पेटीचा स्वर भात्याच्या हवेवर टिकून राहतो, तर छेडलेल्या तारेचा स्वर विरत जातो आणि त्या विरण्यातूनच ओसाडपणा जाणवतो. एवढी बारीक गोष्ट त्या मुलाला एका गेममुळे कळली, याचे मला फार अप्रूप वाटते.

'फॉलआउट'ची (१९९७) वाट वेगळी आहे. तिथे उद्ध्वस्त शहर दिसत असताना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोकप्रिय असलेल्या 'द इंक स्पॉट्स' या गायकवृंदाचे हळुवार प्रेमगीत ऐकू येते, आणि जे गमावले ते किती साधे व गोड होते हे उमगून अंगावर काटा येतो. केइची ओकाबे यांच्या 'नियर: ऑटोमाटा'त (२०१७) तर एकाच चालीचे शांत आणि जोमदार थर असून प्रसंगानुसार ते न तुटता एकमेकांत मिसळतात, बरीच गाणी काल्पनिक भाषेत असल्याने अर्थाचा आधार सुटतो आणि केवळ स्वराचा भाव उरतो.

आपल्या सातपुडा आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात आदिवासी बांधव वाजवतात त्या पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा घुमणारा, अखंड नाद ज्याने ऐकला आहे, त्याला एका वाद्याने सारा परिसर कसा भारून जातो हे वेगळे सांगावे लागणार नाही. खान्देशातील जी मुले आज ॲनिमेशन आणि गेम डिझाइन शिकत आहेत, त्यांच्या कानांवर हा नाद अभ्यासाचा भाग म्हणून पडायला हवा.

आपण पुरवणीत गेमच्या परीक्षणांसोबत त्यांच्या संगीतावर स्वतंत्र मजकूर द्यावा आणि तो संगीताच्या जाणकारांकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक संगीत शिक्षक, धुळे