घंटागाडीत सगळं एकत्रच जाणार असेल तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरातल्या कचऱ्याची बातमी छापून आली की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, 'आपल्या लोकांना शिस्तच नाही.' दुसरं, 'महापालिका झोपा काढते आहे.' दोन्हींमागचा संताप मला कळतो. पण सोसायटीच्या कमिटीवर बरीच वर्षं काम केल्यावर यातलं पहिलं मत मला पटेनासं झालं आहे, आणि दुसरं अपुरं वाटतं. माणसं बदलतात, अगदी भराभर बदलतात. त्यांचं बदललेलं वागणं पुढे टिकवायला मात्र कोणी थांबत नाही.

प्लास्टिकबंदीचंच बघा. 23 मार्च 2018 ला राज्य सरकारने अधिसूचना काढली, 23 जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजारांचा दंड. त्या पावसाळ्यात मंडईत जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी होती. मटणाच्या दुकानाबाहेर लोक घरचे डबे घेऊन रांगेत उभे होते. मुलांनी आजीच्या जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. हीच ती 'बेशिस्त' माणसं. काही महिन्यांत तपासणीची पथकं दिसेनाशी झाली आणि भाजीच्या हातगाडीखालून पातळ पिशव्यांचा गठ्ठा पुन्हा वर आला. गिऱ्हाईक मागतं म्हणून भाजीवाली देते आणि ती देते म्हणून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं. दंड भरायची वेळ आली तर तो तिनेच भरायचा. पिशवी जिथे तयार होते तिथवर जाणारी कारवाई मात्र फार क्वचित ऐकायला मिळते. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हा मंडईत कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आधीची बंदी विरताना लोकांनी पाहिली होती. कायदा पाळला नाही तरी चालतं, हेही लोक अनुभवातूनच शिकतात.

कचरा वेगळा करण्याचं असंच झालं. अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, त्यातून 2000 साली देशात घनकचऱ्याचे नियम आले. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं. एवढी वर्षं उलटूनही आपण 'जनजागृती'च करतो आहोत. फलक, रॅली, शाळकरी मुलांच्या हातात घोषणा. माझ्या माहितीत तरी असं एकही घर नाही, जिथे भाजीची देठं आणि काचेची बाटली यांतला फरक कळत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सकाळी घाईत दोन डबे भरून खाली नेणाऱ्या बाईने एकदा जरी पाहिलं की दोन्ही डबे घंटागाडीच्या एकाच तोंडात रिकामे होताहेत, की दुसऱ्या दिवसापासून तिच्या स्वयंपाकघरात एकच डबा राहतो. तिला दोष कसा द्यायचा? तिने हिशेब केला आणि तो बरोबर केला.

आमच्याकडे हे उलट्या दिशेने होताना मी पाहिलं आहे. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बायका त्या संस्थेच्या नोकर नाहीत, सभासद आहेत. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताई पार्किंगच्या कोपऱ्यात पोतं अंथरतात आणि सुका कचरा त्यावर पालथा करतात. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, काच गोणीत तळाशी. हात इतके सवयीचे की नजर आपल्याशी बोलताना वर असते आणि बोटं खाली वेगळं करत असतात. विकण्याजोगा सुका माल त्यांचा, त्याचे पैसे त्यांचे. त्यामुळे खरकट्याने भिजलेला पुठ्ठा म्हणजे त्यांच्या दिवसाच्या कमाईतली तूट. एकदा त्या मला म्हणाल्या, "काकू, त्या विंगमधून परत पॅड उघडंच आलंय. माझा हात गेला ना त्यात." बोलताना आवाज चढला नव्हता. त्यांनी हात पुसला आणि पुढची पिशवी घेतली.

हे वाक्य मी कमिटीच्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. नियमावली याआधी अनेकदा वाचून झाली होती, तिचा उपयोग झाला नव्हता. या वाक्याने झाला. त्या विंगमधल्या एका तरुण मुलीने पुढाकार घेतला आणि प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं की सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळायचे, वर लाल ठिपका काढायचा. ही लाल ठिपक्याची मोहीम कचरावेचकांचीच. 2016 च्या नियमांनी हे गुंडाळायला पाकीट देण्याची जबाबदारी मुळात पॅड आणि डायपर बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली होती, हे किती गिऱ्हाइकांना माहीत असेल? असो. सांगायचं एवढंच की 'पर्यावरणासाठी करा' म्हटल्यावर जे झालं नाही, ते 'ताईंचा हात जातो त्यात' म्हटल्यावर झालं. समोरच्या माणसाचा चेहरा ओळखीचा असला की माणूस नीट वागतो. त्याच ताई एका घराचा मिसळलेला डबा शांतपणे परत दारात ठेवतात, याचाही परिणाम आहे. कोणी तरी रोज पाहतं आहे आणि रोज विचारणार आहे, ही खात्री पाच हजारांच्या दंडापेक्षा जास्त काम करते.

पण चेहरा दाखवणं आणि चेहरा काळा करणं यांत फरक आहे, आणि तो सुधारणेच्या उत्साहात फार लवकर पुसला जातो. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. त्यांच्या नावाने 2000 साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना. गावंच्या गावं रस्त्यावर उतरली, लोकांनी श्रमदानाने गटारं काढली. त्या अभियानाबद्दल मला आजही मनापासून आदर आहे. पुढे हागणदारीमुक्तीच्या काळात मात्र 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली. पहाटे शेताकडे निघालेल्या माणसांना शिट्ट्या वाजवून अडवायचं, हातात गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचे. त्यात बायाही होत्या. ज्या घरात संडास बांधला पण टाकीत ओतायला पाणी नाही, त्या घरच्या बाईला फूल देऊन काय साधलं? ती दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच आणखी लांब गेली असेल. आजही सोसायटीच्या ग्रुपवर कोणाच्या तरी कचऱ्याचे फोटो फ्लॅट नंबरासकट टाकण्याची टूम निघते, तेव्हा मला हेच आठवतं आणि मी विरोध करते. ज्याला चारचौघांत लाज आणली तो तेवढ्यापुरता वरमतो, पण मनाने आपल्यापासून दुरावतो.

मग टिकतं कुठे? सुरत शहर 1994 च्या सप्टेंबरात प्लेगने हादरलं. लाखो लोक शहर सोडून पळाले. इतकी भीती पुरेशी ठरली असती तर दुसऱ्याच महिन्यात सुरत लख्ख व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. शहर पालटलं ते 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आल्यानंतर, जेव्हा अधिकाऱ्यांना रोज सकाळी आपापल्या भागात पायी फिरून पाहणं भाग पडलं. आपल्याकडे वेंगुर्ल्याने तेच केलं. तिथल्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करायला घेतला, आणि डंपिंग ग्राउंड होतं ती जागा इतकी पालटली की लोक ती मुद्दाम बघायला जाऊ लागले. वेंगुर्ल्याची माणसं जन्मतःच शिस्तीची होती आणि पुण्याची नाहीत, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे सगळं आम्हा शहरवाल्यांनी मनावर घ्यायला हवं, कारण आमच्या निष्काळजीपणाची किंमत दुसरीकडे मोजली जाते. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी आमच्या कचऱ्याचा वास, धूर आणि विहिरीतलं नासलेलं पाणी वर्षानुवर्षं सोसलं. त्यांनी गाड्या अडवल्या की पुण्यात चौकाचौकांत ढीग साठायचे आणि आमच्याकडे 'कचराकोंडी' झाली म्हणून बातमी व्हायची. त्यांची कोंडी बारमाही होती. त्यांच्या आंदोलनांनंतर वॉर्डातच कचरा जिरवण्याच्या गोष्टी जोरात सुरू झाल्या. गांडूळखत करणाऱ्या सोसायट्यांना मिळकतकरात सवलतही मिळते. ती सवलत घेणाऱ्या किती सोसायट्यांचे खड्डे आज चालू आहेत, हे कोणी झाकण उघडून पाहतं का? मी काही ठिकाणी पाहिले आहेत. वर फरशी बसवून कुंड्या मांडल्या आहेत आणि खाली कोरडी मातीसुद्धा नाही. सवलत देण्याआधी वर्षातून एकदा, न कळवता, आरोग्य निरीक्षकाने येऊन झाकण उचलावं, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि एक विनंती आपल्याला. स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा नंबर वर गेला की खाली आला, याची बातमी पहिल्या पानावर येते. ती जरूर द्या. पण आठवड्यातून एकदा आतल्या पानावर एका वॉर्डाची छोटी चौकट छापा. ओला आणि सुका कचरा वेगळ्या गाडीतून गेला का, तो पुढे कोणत्या प्रकल्पावर उतरला, आणि कचरावेचकांना त्या आठवड्यात हातमोजे मिळाले का. सुरुवात आमच्या वॉर्डापासून केलीत तरी चालेल. बातमीदाराला सकाळी सात वाजता पाठवा, मी आमच्या गेटवर थांबते.

आपली विश्वासू,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे